तेलावरचा आळ

दुधाचं पातेलं उघडताना आधी तिचं नाक पुढे व्हायचं, मग डोळे, आणि हात सगळ्यांत शेवटी. दूध चांगलं आहे असं तिनं कधी म्हटलं नाही. अजून नासलं नाही, एवढंच ती मान्य करायची. नवरा ट्रकवर ड्रायव्हर. आठवड्यातून एखादा दिवस घरी यायचा. तो दारात पाऊल टाकतो न टाकतो तोच त्याच्या कॉलरचा वास घेतला जायचा.

"डिझेल आहे गं, डिझेल," तो बिचारा म्हणायचा.

"डिझेलच आहे," ती म्हणायची. "पण एवढं का आहे? कशावर ओतलंस?"

अख्खी वस्ती तिला वासकाढी म्हणायची. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. पण पाठीमागे कोण म्हणतं, आणि म्हणताना हसतं की नाही, हे सगळं तिला ठाऊक होतं. आता माणसाचं असं आहे, की ज्याला त्याला कुठल्या तरी एका गोष्टीवर डोळे मिटून विसंबावं लागतं. नाही तर घास गिळता येत नाही. तीही एका गोष्टीवर अशी विसंबली होती. ती कुठली, आणि त्यापायी काय झालं, तेच सांगायचं आहे.

तिचं घराणं दोर वळणाऱ्यांचं. वस्तीच्या टोकाला त्यांची पत्र्याची शेड होती. रुंदीला बेताची, पण लांबीला अशी, की या टोकाला माणूस शिंकला तर त्या टोकाला आवाज पोचेपर्यंत त्याची सर्दी बरी व्हावी. एका टोकाला चाक. चाकाला तागाचं टोक अडकवायचं, कमरेला तंतूंचा भारा गुंडाळायचा, आणि उलट्या पावलांनी मागे मागे जात राहायचं. चाक फिरतं, बोटांतून सूत निघत जातं, सुतांचे पदर होतात, पदरांचा दोर होतो. दोर वळणारा जन्मभर असा पाठमोरा चालतो. डोळ्यांपुढे असतं ते सगळं सोडून आलेलं. जिकडे जायचं तिकडे त्याची पाठ. म्हणून या धंद्यातली माणसं मुळातच जरा कान टवकारून असतात. पण तिच्याइतकं कुणीच नाही.

भावंडं तिघं. थोरला दादा, मधली ही, आणि धाकटा. दादाकडे तेलघर होतं. ताग कोरडा राहिला तर बोटं कापतो आणि सूतही तुटतं, म्हणून विंचरण्याआधी त्याला तेल-पाण्याचा हात द्यावा लागतो. किती तेल, किती पाणी, आणखी काय काय, हे तेल देणारा कुणाला सांगत नाही. त्यांच्या धंद्याची तशी रीतच होती. बापानं ते दादाच्या कानात सांगितलं होतं, बाकीच्या दोघांच्या नाही. धाकट्याकडे विंचरणं. तेल प्यायलेला ताग हातांनी पिळून तो लोखंडी दातांवरून ओढायचा. कोपरापर्यंत तेलात बुडालेला असायचा. आणि हिच्याकडे वळणं आणि सांधणं. दोन दोरांची टोकं उसवून, पदरात पदर गुंतवून तिनं सांधा मारला, की डोळे मिटून हात फिरवला तरी तो सापडायचा नाही.

बाप पोटाच्या कॅन्सरनं गेला. म्हातारा माणूस, लोक म्हणाले, जायला काहीतरी निमित्त लागतंच. पुढे काही वर्षांनी धाकटा आजारी पडला. त्याला म्हातारा कोण म्हणणार? मुलगा शाळेत जात होता त्याचा. आधी दोन घासांत पोट भरायला लागलं. मग सदरे सैल झाले. मग डॉक्टरांनी आत पाहिलं, तर जठराची भिंत जुन्या चामड्यासारखी ताठ झालेली. फार हातपाय हलवायला वेळच मिळाला नाही. तो गेला तेव्हा त्याच्या नखांत अजून तेलाची काळी रेघ होती.

ती रेघ तिनं पाहिली. हात नाकाशी नेला. आणि तिचा चेहरा असा झाला, की जवळ बसलेल्या भावजयीनं रडणं थांबवून विचारलं, "काय झालं, वन्सं?"

"तेलात काहीतरी आहे," ती म्हणाली.

हे आधी ती भावजयीशी बोलली, मग नळावर पाणी भरताना बोलली, आणि मग सरळ दादाच्या तेलघरात जाऊन बोलली.

"बये," दादा म्हणाला, "या तेलात मी जन्म काढला. मला का नाही झालं मग?"

"तुला ठाऊक होतं म्हणून. तू हातमोजे घालायचास."

"थंडीत घालायचो! थंडीत कोण घालत नाही?"

"मग सांग ना, पिंपात काय काय घालतोस ते."

इथे दादा अडला. बापानं कानात सांगितलेलं चारचौघांत कसं सांगायचं? तो खाली मान घालून राहिला, आणि तिच्या मनात होतं-नव्हतं ते सगळं पक्कं झालं. चोराच्या मनात चांदणं, ती म्हणाली. पिंपातलं बाटलीभर तेल तिनं शहरात नेऊन तपासून घेतलं. त्यात वावगं काही निघालं नाही. "निघेल कसं?" ती म्हणाली. "मी येणार हे कळल्यावर त्यानं पिंप बदललं असणार."

त्यानंतर शेडच्या मधोमध गोणपाटाचा पडदा लागला. एकीकडे दादा, एकीकडे ही. तिनं दादाचं तेल बंद करून बाजारचं आणलं. ते तागाला मानवलं नाही. दोर खरखरीत व्हायला लागले, तिच्या तळहातांना भेगा पडल्या. पण मोडेन पण वाकणार नाही, अशातली ती. भावाबहिणीचं बोलणं पडद्यामधून, तेही तिसऱ्याच कुणाला तरी उद्देशून चाले.

"सांगा पलीकडच्यांना, चाक जरा बेतानं फिरवा. धूळ इकडे येते," दादा म्हणायचा.

"सांगा पलीकडच्यांना, धूळ आमची असली तरी शिंक त्यांचीच आहे."

आता ती कशावर विसंबली होती ते. धाकटा आजारी असताना हॉस्पिटलानं त्याचं रक्त घेतलं होतं, आणि पोटातला एक बारीक तुकडा मेणात घालून जपून ठेवला होता. हा आजार घराण्यातून उतरलेला आहे का, ते त्यांना पाहायचं होतं. तो गेल्यावर तिथल्या पांढऱ्या भुवयांच्या मोठ्या डॉक्टरांनी तिला आणि भावजयीला बोलावून घेतलं. म्हणाले, एका जनुकात एक बदल सापडलाय, पण तो गप्प जातीचा आहे. असून नसल्यासारखा. त्यामुळे शरीरात जी वस्तू बनायची तीच बनते, तिच्यात काडीचाही फरक पडत नाही. घराण्याच्या रक्तात दोष नाही. निर्धास्त राहा.

दुसरं कुणी निर्धास्त राहा म्हणालं असतं, तर त्यानं पाठीमागे काय लपवलंय ते तिनं वाकून पाहिलं असतं. डॉक्टरांना मात्र तिनं एक प्रश्न विचारला नाही. बाहेर आली आणि भावजयीचा हात घट्ट धरून म्हणाली, "ऐकलंस? रक्त धुतल्या तांदळासारखं आहे. आता राहिलं काय? तेल."

तिला हवं होतं तेच डॉक्टर बोलले होते. हव्या असलेल्या गोष्टीला वास येत नाही. जन्मभर जिनं दुधाचा, सदऱ्याचा, पाहुण्यांच्या पिशव्यांचा वास घेतला, तिनं या एका बोलण्याचा घेतला नाही. भावजयीच्या मनात तिनं ते असं पेरलं, की तीही दादाच्या दारावरून जाताना पदर नाकाला लावायला लागली.

वर्षं गेली. धाकट्याचा मुलगा मोठा झाला, गॅरेजात कामाला लागला. हिची लेक मोठी झाली, शिवणयंत्रावर तंबूंचं कापड शिवायला लागली. आणि एक दिवस फोन वाजला.

"मावशी, मी हॉस्पिटलातून डॉक्टर बोलतेय. तुमच्या धाकट्या भावाच्या जुन्या तपासणीबद्दल..."

"कुठल्या हॉस्पिटलातून?"

तिनं नाव सांगितलं.

"तिथल्या फाटकावरचा चौकीदार लंगडतो ना?"

"नाही, मावशी. चांगला धडधाकट आहे."

"बरं. मग बोला."

बोलणारी घराण्यातून उतरणाऱ्या आजारांची नवी डॉक्टर होती. तरुण, काटकुळी, डोळ्यांवर जाड चष्मा. तुमच्या आजीची बहीण कशानं गेली, तिची मुलं कुठे असतात, असलं सगळं ती विचारायची, म्हणून पुढे वस्तीत तिचं नाव नातेवाली डॉक्टरीण पडलं. फोनवर दाद लागत नाही असं पाहून ती स्वतः शेडमध्ये आली. दोरांच्या भेंडोळ्यावर बसली आणि आडपडदा न ठेवता म्हणाली, "आमची तेव्हा चूक झाली असावी. तो बदल गप्प नसावा. तोच बदल आणखी दोन घराण्यांत सापडलाय, आणि तिथेही पोटाचाच आजार आहे. तुमचं, दादांचं रक्त बघायला हवं. आणि तुमची लेक, धाकट्याचा मुलगा, यांचंही. त्यांच्यात तो असेल तर आजार सुरू व्हायच्या आधी काही करता येतं. सुरू झाल्यावर फारसं येत नाही."

तिनं डॉक्टरणीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"दादानं पाठवलं तुम्हाला?"

"नाही हो. मी त्यांना अजून पाहिलंही नाही."

"न पाहता कसं कळलं मग, की दादा म्हणून कुणी आहे?"

"मावशी, हॉस्पिटलाच्या कागदावर सगळ्या भावंडांची..."

"तेव्हा एक बोलायचं, आता दुसरं बोलायचं. उद्या तिसरं बोलाल."

डॉक्टरीण म्हणाली, "कदाचित बोलूही." आणि उठून पडद्यापलीकडे गेली.

दादानं तिथल्या तिथे बाही वर केली. पुढे निकाल आला तो साफ. त्याच्यात तो बदल नव्हता. ही बातमी पडद्याच्या अलीकडे आली तेव्हा वासकाढी टाळी वाजवून म्हणाली, "बघा! ज्याच्या हातात पिंप तोच सुखरूप. आणखी काय पुरावा हवा?" भावजयीनंही मान डोलावली आणि मुलाला बजावलं, त्या चष्मेवालीच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही.

लेक मात्र आईच्या मागे लागली.

"आई, तू रक्त दे. तुझ्यात नसेल तर माझ्यात यायचा प्रश्नच नाही."

"माझ्यात नाहीच."

"मग द्यायला काय जातं?"

काय जातं, हे तिला सांगता येईना. रक्त द्यायचं म्हणजे रक्तावर संशय घ्यायचा. आणि रक्तावर संशय घेतला की तेलावरचा सुटतो. इतकी वर्षं दादाला जे जे बोलली, ते सगळं मग परत येऊन तिच्याच दारात बसणार होतं.

"तुला एवढी घाई आहे तर तूच दे जा," ती फणकारली.

"देईन की. पण माझ्यात निघालं म्हणजे तुझ्यातही आहे, हे तुला न विचारता ठरून जाईल. तुझ्या पाठीमागून मला तुझं काही कळून घ्यायचं नाही. तू आधी."

लेक आईवर गेली होती. दोघीही जागच्या हलल्या नाहीत.

मग तिच्या लक्षात आलं, की लेक ताटात टाकतेय. आधी शेवटचा घास, मग अर्धं ताट. विचारलं की म्हणायची, भूक नाही. जेवणाच्या सुट्टीत घरी यायची ती उशिरानं, आणि शेडच्या बाजूनं यायची. वासकाढीनं दोनाला दोन जोडून पाच केले. ही मामाकडे जेवते! तिकडे ऊठबस वाढलीय, त्यानं तिला फितवलंय, आणि उद्या त्याच्या तेलाचा हात माझ्या पोरीच्या अन्नाला लागणार. एक दिवस दुपारी सगळं काम टाकून ती लेकीच्या पाठोपाठ निघाली. लेक शेडला वळसा घालून तेलघराच्या ओट्यावर जाऊन बसली. थोड्या वेळानं उठून कामावर गेली. वासकाढी तडक आत शिरली. कितीतरी वर्षांनी तिनं तो उंबरा ओलांडला होता.

"काय वाढलंस तिला?" ती कडाडली.

दादा पिंप ढवळत होता. त्यानं हातातला दांडका खाली ठेवला.

"वाढतोय कसला! पाणीसुद्धा घेत नाही पोरगी. येते, बसते. विचारते, मामा, धाकट्या मामाचं पहिल्यांदा कसं सुरू झालं होतं? मी काय सांगू?"

"काय सांगितलंस?"

"काही नाही सांगितलं. पण तुला सांगतो. दोन घासांत पोट भरायचं त्याचं. तूच तर म्हणायचीस, ताटात टाकतो, बायकोच्या हातची चव नडते. आठवतं?"

तिला आठवलं. तिथल्या पोत्यावर ती बसली. समोर ते पिंप होतं. दादानं ते पायानं तिच्याकडे थोडं सरकवलं.

"ऐक. सरकीचं तेल, साबणाचं पाणी, आणि वास मारायला थोडं निलगिरीचं. बापानं कानात सांगितलं ते एवढंच. यात लपवण्यासारखं काय होतं, मला तेव्हाही कळलं नाही. रीत म्हणून गप्प बसलो. घे वास."

तिनं वास घेतला. सरकी होती, साबण होता, निलगिरी होती. चौथं काहीतरी सापडावं म्हणून ती बराच वेळ नाक खुपसून बसली. चौथं काही नव्हतं.

"खोटं बोलत असशील," ती म्हणाली. पण तिचा आवाज पडला होता.

"असेन," दादा म्हणाला. "पण पोरगी जेवत नाही, हे तर खरं आहे ना?"

दुसऱ्याच दिवशी ती हॉस्पिटलात गेली. सुई नवी आहे का ते पाहिलं, नळीवर आपलंच नाव लिहिलंय ना ते दोनदा वाचून घेतलं, आणि रक्त देऊन आली.

निकालाच्या दिवशी नातेवालीनं तिला आपल्या खोलीत बसवलं. खोली एवढीशी, एका खुर्चीवर फायलींचा ढीग, खिडकीत वाळत चाललेलं कुंडीतलं रोपटं. तिनं कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक चित्र लावलं. नुसत्या आडव्या रेघा. "ही दादांची, एकच रेघ. ही तुमची."

वासकाढीनं पाहिलं. तिच्या रांगेत दोन रेघा होत्या. एक दादाच्या बरोबरीनं, दुसरी तिच्याखाली, वेगळी.

"ही खालची कशाची?"

"सांगते. प्रत्येक पेशीत मूळ नमुना जपून ठेवलेला असतो. काम निघालं की त्याची नक्कल काढतात. ती लांबलचक निघते. तिच्यातले नको ते तुकडे कापून टाकतात, हवे ते सांधतात, आणि त्या सांधलेल्या नकलेवरून वस्तू बनते, मण्यांची माळ ओवावी तशी. तुमच्या भावाच्या नमुन्यात जो बदल होता, त्यानं वस्तूतला एकही मणी बदलत नव्हता. म्हणून आम्ही त्याला गप्प म्हटलं. सगळेच तसं म्हणायचे. आम्ही फक्त मणी मोजले. कापणारा आणि सांधणारा कोणत्या खुणेवर काम करतात, ते पाहिलंच नाही. हा बदल नेमका खुणेवर बसलाय. कापणारा फसतो, चांगला तुकडाही टाकून देतो. ही खालची रेघ म्हणजे ती आखूड पडलेली नक्कल."

वासकाढीनं त्या खालच्या रेघेवर बोट ठेवलं. तिच्या डोळ्यांपुढे शेड आली होती. मोठ्या मागणीचा दोर ते अखंड वळायचे. मध्ये मध्ये पीळ कच्चा पडलेला भाग असायचा; तो जिथे सुरू होतो आणि जिथे संपतो, तिथे पदरात एक लाल सूत घालायचं. पुढच्या टोकाला बसलेला कापणारा लाल दिसलं की कापायचा, कच्चा भाग काढायचा, पुढचं लाल दिसलं की सांधायला द्यायचा.

"आमच्याकडे एकदा लाल सूत संपलं होतं," ती हळूच म्हणाली. "मी तपकिरी घातलं. ताग तोच, जाडी तीच, ओढून बघितलं तर ताकदही तीच. म्हटलं, काय फरक पडतो? कापणाऱ्याला ते तागात दिसलंच नाही. तो पुढच्या लालपर्यंत कापत गेला. दोर आखूड पडला, आणि ओझं अर्ध्यात लटकलं."

"अगदी तसंच," डॉक्टरीण म्हणाली.

"आणि ही आखूड नक्कल कुठल्या वस्तूची?"

"जठराच्या पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारी एक वस्तू असते, तिची. तुमच्याकडे बापाकडून आलेला नमुना बिघडलेला, आईकडून आलेला चांगला. चांगला आहे तोवर निभतं. एखाद्या पेशीत तोही बिघडला, की ती पेशी सुटते आणि भिंतीत शिरते."

"म्हणजे तेल..."

"तेलाबद्दल मी काहीच म्हणत नाही. तेल तपासणं माझं काम नाही. पण दादा तेलात राहिले आणि त्यांच्यात हा बदल नाही. भावात होता. तुमच्यात आहे. तुमच्या लेकीत असेल किंवा नसेल. नाणं कुठल्याही बाजूला पडावं, तसं."

"तुमची आता चूक होत नसेल कशावरून?"

"होत असेलही. म्हणून वेगळ्या हातांनी, वेगळ्या रक्तावर पुन्हा करून पाहिलं. पुन्हा हेच आलं."

उठताना तिनं खिडकीतल्या रोपट्याच्या मातीत बोट खुपसलं. "पाणी घाला याला," म्हणाली आणि बाहेर पडली.

लेकीचं नाणं वाईट बाजूला पडलं. दुर्बिणीतून पोट पाहिलं तर त्यात काही दिसलं नाही. जेवण जात नव्हतं ते नुसत्या धास्तीनं, असं डॉक्टर म्हणाले. ऐकून वासकाढीच्या जिवात जीव आला. पण नातेवालीनं लगेच सांगितलं, की हा आजार भिंतीच्या आतून पसरतो, वरून दुर्बिणीला दिसेलच असं नाही. पोट, म्हणजे आतली जठराची पिशवी, काढून टाकणं हाच खात्रीचा मार्ग. पोटावाचून माणूस जगतो. थोडं थोडं, दिवसातून पुष्कळदा जेवावं लागतं. ठरवायचं लेकीनं. लेकीनं चार दिवस यंत्रावर बसून विचार केला आणि हो म्हणाली. तिचं झाल्यावर आईचं, असं ठरलं.

लेकीच्या ऑपरेशनच्या दिवशी हॉस्पिटलाच्या बाकावर एका टोकाला दादा बसला, दुसऱ्या टोकाला ती. मध्ये पाण्याची बाटली. बऱ्याच वेळानं ती समोरच्या भिंतीकडे बघून म्हणाली, "सांगा पलीकडच्यांना. मी बोलले ते चुकीचं होतं."

"कुठलं?" दादानं विचारलं. "पुष्कळ बोललीस."

"तेलाचं."

"बाकीचं बरोबर होतं वाटतं?"

"बाकीचं बघू," ती म्हणाली. दादानं बाटली तिच्याकडे सरकवली. तिनं झाकण उघडलं, वास घेतला, आणि प्यायली.

काढलेल्या पोटाच्या पातळ चकत्या करून भिंगाखाली पाहिल्या तेव्हा ठिपके सापडले. बारीक, विखुरलेले, भिंतीच्या आत दडून बसलेले. अजून कुठेही न गेलेले. वासकाढीनं हट्ट धरला, मला दाखवा. नातेवालीनं तिला भिंगापाशी नेलं. गुलाबी-जांभळ्या पटावर नीट ओळीनं बसलेल्या पेशी होत्या, आणि एका कोपऱ्यात चार-दोन सुटलेल्या. फुगीर, कुणाशी कुणाचा धागा न उरलेल्या. एक डोळा मिटून तिनं खूप वेळ पाहिलं. मग म्हणाली, "धाकट्याचा मुलगा राहिलाय."

तिथून ती घरी न जाता थेट भावजयीकडे गेली. वाटेत नळ लागला. तिथे थांबून चारचौघींना तिनं मोठ्यानं सांगितलं, की दादाच्या तेलात काही नव्हतं, आजार आमच्या रक्तातला आहे. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. तिची पाठ फिरताच एक म्हणाली, "दादानं गप्प बसवलं वाटतं हिला." दुसरी म्हणाली, "नाही तर वासकाढी आणि माघार?"

भावजय ओसरीत कपड्यांच्या घड्या करत होती. ऐकून घेतलं, आणि तिचे डोळे बारीक झाले.

"वन्सं, तुम्ही दादांच्या तेलघरात गेला होता म्हणे."

"गेले होते."

"आणि हॉस्पिटलात दोघं एका बाकावर बसला होता."

"बसलो होतो."

"आणि आता सांगताय, तेलात काही नव्हतं. माझा माणूस गेला तेव्हा हाच हात धरून मला काय सांगितलं होतं? रक्त धुतल्या तांदळासारखं आहे. तेव्हा डॉक्टर खरे, आता दुसऱ्या डॉक्टर खऱ्या. काय दिलं त्यांनी तुम्हाला?"

एकेक शब्द वासकाढीच्याच तोंडचा होता. तिनंच पेरलेलं पीक कमरेएवढं होऊन समोर उभं होतं, आणि कापायला तिच्या हातात काही नव्हतं. ती पायरीवर बसली. भावजयीनं पाणी विचारलं नाही. आतून मुलगा आला, हाताला ग्रीस लागलेलं, दाराला टेकून उभा राहिला.

"तुमचा विश्वास आहे का त्या चष्मेवालीवर?" भावजयीनं विचारलं.

"नाही," वासकाढी म्हणाली.

भावजयीच्या हातातली घडी तशीच राहिली.

"कुणावरच नाही, तर तिच्यावर कुठून असणार? तीच म्हणते, उद्या आणखी काही कळलं तर वेगळंही सांगेन. पण माझ्या लेकीच्या पोटातले ते ठिपके मी या डोळ्यांनी पाहिलेत. पोट बरं दिसत होतं. दुर्बिणीलाही बरं दिसत होतं. तू माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. डॉक्टरणीवर ठेवू नकोस. नळावरच्या बायकांना विचार, त्यांच्यावरही ठेवू नकोस. पण याचं रक्त दे. संशय घ्यायचाच आहे ना, मग याच्या रक्तावर घे. मी तेवढा एकच घ्यायचा सोडला होता."

मुलगा फडक्यानं एकेक बोट पुसत उभा राहिला. भावजय त्याच्याकडे बघत राहिली. तो जेवतो कसा, उठतो कसा, सदरा सैल दिसतोय का, सगळं जणू आत्ताच बघत असल्यासारखी.

"येईन मी त्याला घेऊन," ती शेवटी म्हणाली. "पण सुई माझ्यासमोर फोडायची. आणि नळीवरचं नाव मी स्वतः वाचणार."

"वाच," वासकाढी म्हणाली. "आणि एकदा नको, दोनदा वाच."